मडकं, ठिपका आणि लाल हातपंप

आमच्या करोंदच्या महिला मंडळात एकदा मी सगळ्यांना येताना घरातलं एकेक पाकीट आणायला सांगितलं. चहा, मीठ, शेव, बिस्किटं, काहीही चालेल म्हटलं. वीस-बावीस जणी जमल्या. मी म्हटलं, आपापल्या पाकिटावरचा हिरवा ठिपका दाखवा. क्षणात सगळ्यांची बोटं ठिपक्यावर! आमच्या एका काकूंना चष्म्याशिवाय समोरचं माणूस ओळखू येत नाही, पण त्यांचंही बोट बरोबर जागेवर पडलं. मग मी म्हटलं, आता मडकं दाखवा.

"कसलं मडकं?"

एकीलाही माहीत नव्हतं. त्यांना का हसू? मलाही ते फार उशिरा कळलं, आणि तेही आमच्या पापडांच्या पिशवीवरून झालेल्या भांडणामुळे. ते भांडण पुढे येईलच. आधी मडक्याची हकिकत सांगते.

1991 साली भारत सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने 'इकोमार्क' नावाची योजना काढली. जो माल बनवताना, वापरताना आणि टाकून देताना हवा-पाणी-मातीची हानी कमी होते, त्या मालावर एक खूण छापायची. म्हणजे गिऱ्हाइकाला दुकानात उभ्या उभ्या कळेल, आणि चांगलं काम करणाऱ्या कारखानदाराचा खप वाढेल. जर्मनीत अशी खूण 1978 पासून होती, तिला ते निळा देवदूत म्हणत. आपल्याकडे खूण म्हणून निवडलं मातीचं मडकं. निवड छानच होती. मडकं मातीतून येतं, फुटलं की मातीत जातं, त्याचा विषारी कचरा होत नाही. यादीत साबण, कागद, रंग, बॅटऱ्या होत्या, तसेच खाण्याचे पदार्थही होते: खाद्यतेल, चहा, कॉफी, फळांचे आणि भाज्यांचे टिकाऊ पदार्थ.

पण ही खूण ऐच्छिक होती. ज्याला हवी त्याने अर्ज करायचा, आधी दर्जाच्या कसोटीला उतरायचं, मग पर्यावरणाच्या, तपासणीचा आणि परवान्याचा खर्च सोसायचा. मोठ्या कारखानदाराला ते जमलं असतं, पण त्याला गरज वाटली नाही. छोट्याला वाटली असती तरी जमलं नसतं. चार बायकांनी गच्चीवर पापड वाळवायचे आणि मडक्यासाठी दिल्लीला कागद पाठवायचे, हे कोण करणार? वर्षानुवर्षं त्या योजनेचे परवाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच राहिले. कारखानदाराला वाटायचं की गिऱ्हाईक मडकं मागत नाही. गिऱ्हाईक मागणार कसं, त्याने मडकं पाहिलंच नव्हतं. शेवटी 2024 मध्ये सरकारने जुनी योजना बाजूला ठेवून इकोमार्कचे नवे नियम काढले. तेहेतीस वर्षं! एवढ्यात मुलगी जन्मून, शिकून, सासरी जाऊन तिच्या मुलीची शाळा सुरू होते.

आता ठिपका बघा. तो आला 2001 मध्ये, म्हणजे मडक्यानंतर दहा वर्षांनी. अन्नभेसळीच्या नियमांत दुरुस्ती झाली आणि बंद पाकिटातल्या खाद्यपदार्थावर शाकाहारी असेल तर हिरवी आणि मांसाहारी असेल तर तपकिरी खूण सक्तीची झाली. चौकोन, त्यात ठिपका. (2021 मध्ये तपकिरी ठिपक्याचा त्रिकोण केला. ज्यांना रंग ओळखता येत नाहीत त्यांची सोय कुणाला तरी सुचली, हे फार चांगलं झालं.) आणि दोन-चार वर्षांत हा ठिपका असा काही रुजला की जणू तो पूर्वीपासूनच होता.

का? सक्ती होती म्हणून, हे झालं अर्धं उत्तर. सक्तीच्या कितीतरी गोष्टी पाकिटावर छापलेल्या असतात, त्या कोण वाचतं? ठिपक्याच्या आधीपासून प्रश्न होता, हे उरलेलं अर्धं. माझ्या वयाच्या बायकांना 1983 आठवत असेल. वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं आणि सरकारला चरबीची आयात बंद करावी लागली. तेव्हा आमच्या माहेरी कारंज्याला आईने तुपाचा डबा अंगणाबाहेर ठेवून दिला होता. तो आत घ्यायचा की फेकायचा, यावर आठ दिवस चर्चा चालली. मग 2001 मध्ये अमेरिकेतल्या मॅकडोनाल्डच्या बटाट्याच्या काड्यांना गोमांसाचा स्वाद असल्याचं बाहेर आलं. भारतातल्या काड्यांत तो नाही असं कंपनीने सांगितलं, तरी मुंबई-ठाण्याकडे दुकानांपुढे निदर्शनं झाली. "यात काय आहे?" हा प्रश्न कोट्यवधी बायका रोज दुकानदाराला विचारत होत्या आणि त्याच्या तोंडावर विश्वास ठेवत होत्या. ठिपक्याने त्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. मडक्याने ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं, तो प्रश्न दुकानात कुणी विचारतच नव्हतं.

आपल्याला तर ठिपकाही पुरला नाही. ठिपका कांदा-बटाट्याचं सांगत नाही. म्हणून नमकीनवाल्यांनी, हॉटेलवाल्यांनी, विमान कंपन्यांनीसुद्धा आपण होऊन 'जैन' लिहायला सुरुवात केली. त्यासाठी कायदा झाला नाही, मोर्चा निघाला नाही. गिऱ्हाईक विचारत राहिलं आणि विकणाऱ्याला ते लिहिणं परवडलं. म्हणजे आपण बायका विचारायला लागलो की बाजार हलतो, हे सिद्ध झालेलं आहे. प्रश्न असा की आपण काय विचारतो?

इथे करोंदबद्दल सांगायला हवं, कारण माझा हा सगळा विचार करोंदमध्येच सुरू झाला.

1 नोव्हेंबर 1956 ला नवा मध्य प्रदेश झाला आणि नागपूरची राजधानी गेली, भोपाळची आली. नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं फायलींबरोबर इकडे आली. माझे सासरे त्यातलेच. पुढे भेलच्या कारखान्यामुळे आणखी आली. आम्ही दक्षिण भोपाळच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो, मग स्वतःचं घर म्हणून शहराच्या उत्तरेला बैरसिया रस्त्याकडे करोंदला आलो. करोंद म्हटलं की भोपाळकराला पहिल्यांदा मंडी आठवते, गहू, हरभरा, सोयाबीन आणि भाजीपाल्याची. सकाळी ट्रॉल्यांची रांग लागली की आमच्याकडे रिक्षा मिळत नाही. दुसरं आठवतं ते भोपाळ मेमोरियल रुग्णालय. आणि तिसरं कुणी मुद्दाम बोलत नाही, पण युनियन कार्बाइडच्या कारखान्याची भिंत इथून फार लांब नाही.

2-3 डिसेंबर 1984 च्या रात्रीबद्दल मी नवीन काय लिहिणार? त्याबद्दल ज्यांनी ती रात्र काढली त्यांनीच बोलावं. मला सांगायचं आहे ते पाण्याबद्दल. तो कारखाना 1969 पासून तिथे होता. त्याने शेतावर फवारायचं कीटकनाशक बनवलं आणि त्याचा टाकाऊ माल आवारात पुरला, तळ्यांत साठवला. वायू एका रात्रीत पसरला, पण टाकाऊ मालाचं विष वर्षानुवर्षं जमिनीत मुरत राहिलं. 1999 मध्ये ग्रीनपीसने तिथल्या माती-पाण्याचे नमुने तपासून अहवाल काढला. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आसपासच्या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या. मधल्या काळात सरकारी माणसांनी काय केलं, तर हातपंपांना लाल रंग दिला. लाल म्हणजे या पंपाचं पाणी पिऊ नका.

लाल रंग दिला म्हणजे लोकांनी पाणी पिणं थांबवलं का? ज्यांच्याकडे दुसरा नळ होता त्यांनी थांबवलं. ज्यांच्या गल्लीत तो एकच पंप होता त्या बायका लाल पंपावरच हंडा लावत राहिल्या. आमच्याकडे भांडी घासायला यायच्या त्या मावशी म्हणायच्या, "दीदी, लाल दिखता है, पर प्यास को कौन समझाए." या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. खूण कितीही ठळक असो, हातात दुसरी वस्तू नसेल तर तिचा उपयोग नाही. कुणी महागाचं 'सेंद्रिय' घेत नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी लाल पंप आठवावा.

आणि एक गोष्ट अशी की जिला आपण विसरतो. युनियन कार्बाइडचा भारतातला मोठा धंदा होता तो टॉर्चच्या सेलचा. एव्हरेडी. दुर्घटनेनंतरही देशभर ते सेल विकले जातच राहिले. 1994 मध्ये कार्बाइडने भारतीय कंपनीतला आपला हिस्सा विकला, न्यायालयाच्या देखरेखीखाली त्या पैशातून रुग्णालय उभं राहिलं, तेच आमच्या करोंदचं. आपण दुकानात गेलो, सेल मागितला, दुकानदाराने लाल सेल दिला, आपण घेतला. तो कुणी बनवला, हे विचारायची आपल्याला सवयच नव्हती. मी हे कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही, आमच्या घरातल्या टॉर्चमध्येही तेच असायचे.

सासूबाई मात्र पाण्याच्या बाबतीत पक्क्या. कारंज्या-नागपूरकडच्या आपल्या बायकांसारखं त्यांचं पाणी दुहेरी कापडातून गाळलेलं असायचं, आणि गाळल्यावर कापडावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीतलं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची. करोंदला आल्यावर त्यांना पहिला प्रश्न पडला, हातपंपात जिवाणी सोडायची कुठून? नळ्याचं तोंड बंद, पाणी येतं, पण परत काही जात नाही. त्यांनी हातपंपाचं पाणी शेवटपर्यंत प्यायलं नाही, मंदिराच्या विहिरीवरून घागर यायची. आम्ही तेव्हा कुरकुर करायचो. पुढे लाल रंगाचं कळलं तेव्हा गप्प झालो.

आता पापडाकडे येते.

पापडाच्या धंद्याचं नाव काढलं की सगळ्यांना लिज्जत आठवतं. 1959 मध्ये मुंबईत गिरगावातल्या गच्चीवर सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली. पहिल्या वर्षी पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळत नव्हते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली, पापड खाटेवर आणि खाली शेगडी! ही युक्ती वाचून मला फार आनंद झाला होता, कारण आम्ही करोंदला तसंच करत होतो, न वाचता. आम्ही आठ जणी. उडदाचे आणि मुगाचे पापड, मुगाचे सांडगे (इथे त्यांना मंगोडी म्हणतात), थोडी कुरडई. गिऱ्हाईक म्हणजे मंदिरातल्या ओळखीच्या, भेलकडची मराठी मंडळी, आणि मंडीजवळची चार दुकानं. पापड प्लास्टिकच्या पिशवीत भरायचे, मेणबत्तीवर तोंड चिकटवायचं. पापड बाहेरून दिसायचा, मऊ पडायचा नाही. सगळ्यांना पसंत.

2017 मध्ये मध्य प्रदेशात पॉलिथिनच्या पिशव्यांवर बंदी आली. ती सामान न्यायच्या पिशव्यांवर, पाकिटबंद मालावर नव्हे, त्यामुळे आम्हाला काहीच बदलायची गरज नव्हती. पण आमच्यातल्या दोघी राहतात भानपूरच्या बाजूला. करोंदच्या शेजारचं भानपूर म्हणजे भोपाळची कचऱ्याची खंती. कित्येक वर्षं अख्ख्या शहराचा कचरा तिथे पडत होता, 2018 च्या सुमारास तो शहराबाहेर आदमपूर छावणीला न्यायला लागले. या दोघींच्या गच्चीवर वारा फिरला की वास, उन्हाळ्यात आग लागली की धूर, आणि पिशव्या उडत यायच्या. एकीने एक दिवस उडत आलेली पिशवी उचलली तर ती आमचीच निघाली. आमच्याच मेणबत्तीचा काळा डाग तिच्यावर. त्या दिवशी आम्ही ठरवलं, प्लास्टिक बंद.

पहिल्यांदा वर्तमानपत्राच्या पिशव्या केल्या. आठवड्यात परत आल्या, आणि परत देणाऱ्यांचं बरोबर होतं. छपाईची शाई अन्नाला लागते, म्हणून वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 च्या डिसेंबरात सांगून ठेवलेलं होतं. आम्हालाच माहीत नव्हतं! मग जाड तपकिरी कागद, आत बटर पेपर. पिशवीमागे खर्च वाढला, आम्ही किमतीत 5 रुपये वाढवले आणि पिशवीवर रबरी शिक्का मारला, 'प्लास्टिकमुक्त'. आम्हाला वाटलं, लोक पाठ थोपटतील.

तोंडदेखलं कौतुक पुष्कळ झालं. "छान केलंत हो ताई, करायलाच हवं कुणीतरी." आणि पुढच्या महिन्यात त्याच ताई दुकानातून दुसरा पापड नेताना दिसल्या. दुकानदार म्हणाला, भाभीजी, पापड दिखता नहीं तो लोग उठाते नहीं. जुलैत हवा ओली झाली आणि कागदातले पापड चामट झाले. तेव्हा तर घरातच भांडण लागलं. आमच्यातल्या हिशेब ठेवणाऱ्या वहिनी म्हणाल्या, वास त्या दोघींच्या घरी येतो, तोटा आठ जणींना का? वाक्य कडू होतं, पण खोटं नव्हतं. त्या पावसाळ्यात आमचा खप अर्ध्यावर आला.

याच भांडणात मी वाचायला बसले आणि मडकं सापडलं. आधी फार राग आला, मग हायसं वाटलं. जे सरकारला जमलं नाही ते आम्हाला रबरी शिक्क्याने कुठून जमणार?

मला तेव्हा माझी दादरची मावशी आठवली. तिच्याकडे सुट्टीत गेलं की सकाळी आरेच्या केंद्रावर दुधाच्या रांगेत मला उभं करायची. काचेची बाटली, वर पातळ चांदीसारखं झाकण. रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. एकही बाटली कचऱ्यात जायची नाही, आणि रांगेतल्या कुणालाही पर्यावरण हा शब्द माहीत नव्हता. पुढे प्लास्टिकची पिशवी आली आणि रांग संपली. 2018 मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकबंदी केली तेव्हा दुधाच्या रिकाम्या पिशवीमागे 50 पैसे परत द्यायची योजना निघाली होती. नागपूरच्या माझ्या जावेला विचारलं, देतेस का पिशव्या परत? ती म्हणाली, वैनी, पन्नास पैशांचं नाणं तरी आहे का कुणाकडे? आरेच्या बाटलीमागे उद्याचं दूध होतं, पिशवीमागे न चालणारं नाणं. लोक बदलले म्हणून आपण उगाच हळहळतो. मला वाटतं, व्यवहार बदलला.

म्हणून आम्ही डबे काढले. पत्र्याचे, घट्ट झाकणाचे, किलोचे. डब्याचे पैसे एकदाच अनामत ठेवायचे, रिकामा आणला की भरलेला न्यायचा, आणि 5 रुपये कमी. दुकानांसाठी मात्र प्लास्टिकच ठेवलं. हो, ठेवलं. त्या दोघी आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत.

डब्याला गिऱ्हाईक आलं. पण का आलं, हे नीट पाहायला हवं. माझ्याकडे वही असायची, मी कोण काय विचारतं ते लिहून ठेवायचे. पहिला प्रश्न असायचा, कधी लाटले? आपल्याकडे पिठाची मर्यादा पाळणाऱ्या घरांत हा प्रश्न आधी येणारच: पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात. पापडाचं कितीतरी घरांत असं की चातुर्मासाच्या ओल्या हवेत बुरशीच्या भीतीने तो बंदच. म्हणून आम्ही झाकणावर खडूने तारीख लिहायला लागलो. पाकिटावरची छापील तारीख कुणी मानत नाही, पण खडूची मानतात. ती कुणी लिहिली हे त्यांना ठाऊक असतं.

दुसरा प्रश्न डाळीचा. डाळ कुठली? हा पूर्वी कुणी विचारत नसे. अलीकडे नर्मदेच्या काठी उन्हाळी मुगाचं पीक फार वाढलं. कापणी लवकर व्हावी म्हणून उभ्या पिकावर तणनाशक मारून ते वाळवतात. 2025 च्या उन्हाळ्यात राज्य सरकारनेच या कारणावरून मूग हमीभावाने घ्यायचं नाही असा पवित्रा घेतला, मग शेतकऱ्यांच्या विरोधानंतर घेतला. ती बातमी मुगाच्या वरणावर जगणाऱ्या आपल्या घरांत वाऱ्यासारखी पसरली. व्रताला मूग, आजाऱ्याला मूग, लहान मुलाला मूग! करोंदच्या मंडीतल्या पोत्यावर शेताचं नाव नसतं. आम्ही आता बैरसियाकडच्या दोन शेतकऱ्यांकडून खरिपाचा मूग घेतो, तो महाग पडतो, आणि गंमत म्हणजे या वाढीव किमतीबद्दल एकीनेही तक्रार केली नाही. पिशवीचे 5 रुपये डोळ्यांत आले होते, डाळीचे 30 आले नाहीत.

आणि तिसरा प्रश्न, जो माझ्या मते करोंदलाच ऐकू येईल. "भाभी, पानी कौन सा डालते हो?" पापडाच्या पिठात पाणी ते किती, पण विचारतात. लाल पंपांचा रंग उडाला, काही पंप उखडले गेले, हळूहळू नळाचं पाणी आलं. 2025 च्या 1 जानेवारीच्या रात्री कारखान्यातला साठवलेला 337 टन कचरा बारा कंटेनरमध्ये भरून पीथमपूरला नेला, तिथल्या लोकांचा विरोध झाला, शेवटी जूनअखेर तो तिथे जाळला. जमिनीत मुरलेलं मात्र इथेच आहे. आमच्या गल्लीतली सून, जी 1984 नंतर कितीतरी वर्षांनी जन्मली, तीही पाण्याचं विचारते.

पिशवीबद्दल मात्र माझ्या वहीत एकही प्रश्न नाही. डबा का, प्लास्टिक का नाही, हे एकीनेही विचारलेलं नाही. भानपूरच्या त्या दोघींना हे वाचून दाखवलं तेव्हा एक म्हणाली, "नाही विचारलं तर नाही. डबे जातायत ना?" जातायत. साठ डब्यांनी सुरू केलं होतं, आता दोनशेच्या वर फिरतात. तेवढ्या पिशव्या दर महिन्याला कुणाच्या गच्चीवर उडत जात नाहीत. दुकानातल्या मालाचं प्लास्टिक अजून आहे, त्याचा उपाय आम्हाला सापडलेला नाही.

'प्लास्टिकमुक्त'चा तो रबरी शिक्का मी फेकून दिला. तसंही ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. 'हरित', 'पर्यावरणस्नेही' असे मोघम शब्द पुराव्याशिवाय मालावर लिहायचे नाहीत. मोठ्या कंपन्यांची हिरवी पानं छापलेली पाकिटं बघून त्या वाचाव्यात. आम्ही तर अर्धा माल प्लास्टिकमध्ये विकत असताना तो शिक्का मारत होतो. सूचना आधी आल्या असत्या तर आम्हीच पकडलो गेलो असतो.

डब्यांची एक अडचण आम्ही धरलीच नव्हती. ते रिकामे परत येत नाहीत. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत ना, तसंच. कुणी मूठभर साखर घालतं, कुणी चार बदाम, कुणी घरच्या झाडाचे आवळे. हिशेबाच्या वहिनी वैतागतात, डबे मोजायचे की आवळे? परवा एका डब्यात सीहोरकडच्या शरबती गव्हाच्या ओंब्या होत्या, आणि खाली चिठ्ठी: पुढच्या वेळी मुगाचे जास्त, मुलीच्या डोहाळजेवणाला हवेत.